तुम्ही विचारलंत म्हणून: माझ्या आरएक्सला हे पोट का आहे

पेट्रोल पंपावर, चहाच्या गाड्यावर, लग्नाच्या मांडवाबाहेरसुद्धा तोच प्रश्न. "दादा, एवढी जपलेली यामाहा आरएक्स हंड्रेड, आणि तिला हा पोट सुटलेला सायलेन्सर का? ओरिजनल क्रोमचा मिळत नाही काय?" मिळतो. माझ्याकडेही आहे. आणि ही पुंगळी नाही, हेही एकदाच सांगतो. सायलेन्सरच्या आतली जाळी उपटून काढली की पुंगळी होते. तिने गाडी पळत नाही, फक्त गल्लीला कळतं की दिवटा आला.

टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टन खाली आला की धूर जायची वाट आणि ताजं मिश्रण यायची वाट एकाच वेळी उघडी असते. त्यामुळे थोडं ताजं पेट्रोल धुराबरोबर निसटतंच. माझा हा पोटवाला सायलेन्सर म्हणजे एक्सपान्शन चेंबर, आणि चेंबरचं पोट ते परत आणतं. रुंदावत जाणारा शंकू सिलिंडरमधून ओढून घेतो, पुढचा निमुळता शंकू दाबाची लाट उलटी पाठवतो आणि वाट बंद व्हायच्या आत निसटलेला माल पुन्हा आत ढकलला जातो. साडेसात हजार आरपीएमला हे सेकंदाला 125 वेळा. पूर्व जर्मनीत एमझेड या मोटरसायकल कंपनीच्या इंजिनियर वाल्टर काडेनने 1950च्या दशकात हे गणित पक्कं केलं. 1961 मध्ये त्याचा रेसर अर्न्स्ट डेगनर पश्चिमेत पळून गेला आणि ही विद्या सुझुकीला मिळाली. पुढच्याच वर्षी सुझुकीवर बसून त्याने 50 सीसीचं विश्वविजेतेपद घेतलं. तेव्हा पोटाला हसताना जरा जपून.

माझा पहिला चेंबर कोल्हापुरात उद्यमनगरात एका मिस्त्रींनी केला. आम्ही त्यांना मामा म्हणतो. आधी पुठ्ठ्यावर शंकू कापले, मग पत्र्यावर, मग हाताने वळवून गॅस वेल्डिंग. सांधे दिसत होते. मी घासून पॉलिश करू का म्हटलं तर म्हणाले, "कशाला? चाल बघ की."

तो चेंबर एका तालुक्याच्या गावी नाकाबंदीत गेला. रस्त्याच्या कडेला ताडपत्रीवर वीसेक सायलेन्सर मांडलेले, बहुतेक बुलेटचे. शिपाई वाकून बघत म्हणाले, "हे काय ओ?"

"सायलेन्सर."

"आवाज कमी करतंय व्हय?"

आता काय सांगणार? नाही करत. मी शंकू, लाट, पोर्ट असं सगळं सुरू केलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, खरंच ऐकून घेतलं, आणि म्हणाले, "म्हणजे कंपनीचं न्हाई, आणि आवाजबी कमी करत न्हाई. मग आमी काय समजायचं?" पाना लावणारा पोरगा तोवर खाली बसला होता. बुलेटवाल्यांनी दंड भरला, हसत फोटो काढले. त्यांचे पाइप दुकानातून आणलेले होते, दुसऱ्या दिवशी दुसरा मिळाला असता. मी गाडी छोटा हत्तीत घालून घरी आणली.

आठवड्याने रोडरोलर आला. फोटोग्राफर आले, साहेब आले. मी का गेलो होतो बघायला, कुणास ठाऊक. बुलेटच्या जाड नळ्या चाकाखाली नुसत्या चेपत होत्या. मामांच्या चेंबरचं पोट पातळ पत्र्याचं, ते एकदम बसलं आणि वेल्डिंगवर उभं फाटलं. गर्दीत शिट्ट्या वाजल्या. मला शिपायाचा राग आला नाही. राग आला तो त्याच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं याचा.

मामांना सांगितलं तर त्यांनी विचारलं, "पुठ्ठे ठेवलेत न्हवं?" ठेवले होते.

आत्ताचा चेंबर त्याच पुठ्ठ्यांवरचा. फक्त शेपटाला ग्लासवूल भरलेला डबा जोडलाय, आवाज बराच दबतो. दिसायला आणखी वाईट झालाय, मान्य. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाचलं तर तरीही चालणार नाही, कारण कंपनीच्या नोंदीशी जुळत नाही. ते वाचूनच लावलाय.

कॉलेजात असताना मी निव्वळ चमक बघून एक बाजारू पाइप घेतला होता. त्या पोराला मी पुष्कळ वर्षं मूर्ख म्हटलं. हल्ली तो उलटून बोलतो. म्हणतो, राजारामपुरीत चाळीसच्या स्पीडने फिरतोस, तिथे तुझा चेंबर ओरिजनलपेक्षा मढ्यासारखा ओढतो. पॉवर येते ती वरच्या दीड-दोन हजार आरपीएममध्ये, तिथे तू दिवसातून कितीदा जातोस? माझा पाइप निदान दिसायचा तरी छान.

यावर मी त्याला घाटाचं सांगतो. रिकामा रस्ता, तिसरा गिअर, आणि सुई चढता चढता गाडी अचानक पुढे खेचते तो क्षण. तो म्हणतो, तेवढ्यासाठी? मी म्हणतो, हो, तेवढ्यासाठी. मग तो आवाज, धूर आणि पेट्रोलचा हिशेब काढतो, आणि तिथे मी विषय बदलतो.