कयाकवरून मरळ : पाझर तलावावरील पहिल्या हंगामाची नोंद

गेली चार वर्षे मी मरळ या शिकारी माशासाठी साताऱ्याजवळच्या कण्हेर जलाशयाच्या काठावरून ल्युअर, म्हणजे हूक लावलेले कृत्रिम आमिष, टाकत होतो. वेण्णा नदीवरच्या या धरणात ऑक्टोबरमध्ये पाणी काठोकाठ असते, तेव्हा काठावरून टाकलेला ल्युअर बुडालेल्या झुडपांपर्यंत सहज पोहोचतो. पुढे सिंचनाची आवर्तने सुरू होऊन पाणी खाली उतरते, गाळपेर जमीन उघडी पडते, आणि मार्चनंतर गुडघाभर चिखल तुडवून आपण जेथे पोहोचतो, तेथे समोर झुडूप नसते आणि गवतही नसते, फक्त उघडे पाणी असते. शिवाय मरळीला आवडणाऱ्या जागा, म्हणजे पाणकणसाची बेटे, बेशरमाच्या जाळीचा पाण्याकडचा भाग आणि जलपर्णीची आतली कड, या सगळ्या काठावर उभ्या असलेल्या माणसाकडे पाठ फिरवून असतात. या जागांकडे मोकळ्या पाण्याच्या बाजूने जायचे, एवढ्याच उद्देशाने मी गेल्या दिवाळीनंतर कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची एका माणसाची छोटी नाव, घेतली. नोव्हेंबर ते मे या काळात माझ्या सतरा फेऱ्या झाल्या. त्यांपैकी पहिल्या आठ जवळजवळ वाया का गेल्या आणि नंतर नेमके काय बदलले, हे नव्याने सुरुवात करणाऱ्यांच्या उपयोगी पडावे म्हणून ही नोंद सविस्तर लिहीत आहे.

कयाक दहा फूट लांब, सुमारे ऐंशी सेंटिमीटर रुंद, वर उघडी बैठक असलेली आणि पॉलिइथिलीनच्या एकसंध साच्यातली आहे. तिचे वजन सत्तावीस किलो असल्याने मोटारीच्या टपावर ती चढवायला दोन माणसे असली तर बरे पडते. एकट्याने चढवता येते, पण फेरी संपल्यावर थकलेल्या हातांनी ते काम करणे मला अजूनही जड जाते. रुंद कयाक स्थिर असते, मात्र ती हळू चालते, आणि पाण्यात फारशी खोल बसत नसल्यामुळे वाऱ्याने पटकन सरकते. या दुसऱ्या गुणधर्माकडे मी विकत घेताना पुरेसे लक्ष दिले नव्हते.

ती कोठे चालवायची, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा होता. माझ्या मामांचे गाव भिलवडीजवळ आहे, आणि लहानपणापासून पाहिलेली कृष्णा साहजिकच प्रथम डोळ्यांसमोर आली. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना पावसाळ्यानंतर बर्गे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) घातले की मागे जो फुगवटा तयार होतो, तो कयाकसाठी दिसायला अतिशय सुंदर असतो. परंतु औदुंबर, भिलवडी आणि तेथून खाली सांगलीपर्यंतच्या पात्रात मगरी आहेत, त्या हिवाळ्यात मळईवर उन्हाला पडलेल्या उघड दिसतात, आणि त्या पट्ट्यात माणसांवर हल्ले झालेले आहेत. फेब्रुवारी ते एप्रिल हा मगरीचा अंडी घालण्याचा काळ असतो आणि घरट्याजवळची मादी कोणालाही सहन करत नाही. कयाकमध्ये बसलेल्या माणसाचा हात पाण्यापासून वीतभर अंतरावर असतो. नदी त्यांची आहे, कायद्याचे संरक्षणही त्यांना आहे, आणि छंदासाठी तेथे नाव घालणे मला योग्य वाटत नाही. सांगलीकडच्या मित्रांना माझे कळकळीचे सांगणे आहे की कृष्णेच्या त्या भागात कयाक घालू नये आणि कमरेएवढ्या पाण्यात उतरूनही ल्युअर टाकू नये.

शेवटी कोरेगाव तालुक्यातला एक जुना पाझर तलाव निवडला. अशा तलावांवर मासेमारीचा हक्क स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्याने असतो, त्यामुळे आधी संस्थेच्या माणसांना भेटणे हे सौजन्यच नव्हे, तर आवश्यकही आहे. संस्था दर पावसाळ्यात रोहू, कटला आणि मृगळ यांची बोटुकली सोडते, आणि मरळ ही बोटुकली खाते, म्हणून मी मरळीसाठी आलो आहे हे ऐकल्यावर तेथील वयस्कर मच्छीमार मोकळेपणाने म्हणाले, "पाव्हणं, मरळ काढा की, कोण नगं म्हणतंय? पर न्यायची झाली तर वजन करून, पैसं देऊन न्या, आन् जाळ्याच्या आसपास फिरकू नगा." या दोन्ही अटी मी हंगामभर पाळल्या. त्यांची जाळी कोठे लावली आहेत हे थर्माकोलच्या तुकड्यांवरून ओळखता येते, तरीही पहाटेच्या धुक्यात ते तुकडे दिसत नाहीत, म्हणून पाण्यात उतरण्यापूर्वी मी दर वेळी विचारून घेत असे.

नोव्हेंबर ते जानेवारी या काळातल्या आठ फेऱ्यांत ल्युअरवर मरळीच्या अकरा झडपा आल्या आणि एक मरळ हाती आली. थंडीत पाणी गार असताना मरळ सुस्त असते हे खरे, परंतु झडपा येत होत्या, म्हणजे मासा होता आणि त्याला ल्युअर खावासाही वाटत होता. मी आधी दोष ल्युअरला दिला. पोकळ रबरी बेडकाचे तीन निरनिराळे आकार घेतले, रंग बदलले, दुहेरी हुकाची टोके रबरापासून किंचित वर उचलली, पायांचे झुपके एका बाजूला सेंटिमीटरभर कापून बेडूक डावीकडे-उजवीकडे चालेल असे केले. त्यानंतर दोष माझ्या घाईला दिला, कारण मरळीने बेडूक तोंडात घेतल्यावर "एक, दोन" म्हणण्याइतका वेळ थांबून मगच रॉड उचलायचा असतो. पाण्याचा स्फोट झाल्यासारखा आवाज होताच हात आपोआप वर जातो, आणि तो मी निग्रहाने थांबवला. तरीही हूक सुटतच राहिले.

जानेवारीच्या शेवटच्या फेरीत कारण अचानक लक्षात आले. मरळीने बेडूक घेतला, मी थांबलो, सैल लाइन गुंडाळली, जोराने रॉड मागे खेचला, आणि त्याच क्षणी पाणकणसाचे बेट माझ्या दिशेने आले. अर्थात बेट आले नव्हते. मीच तिकडे ओढला गेलो होतो. काठावर आपण पाय रोवून उभे असतो आणि खेचण्याचे सगळे बळ हुकाच्या टोकाशी पोहोचते. कयाकमध्ये मी, सामान आणि नाव मिळून शंभर किलोंच्या आसपास वजन असले, तरी ते पाण्यावर जवळजवळ विनाअडथळा सरकते, त्यामुळे मरळीच्या कठीण जबड्यात हूक रुतण्याऐवजी ते बळ नाव पुढे ओढण्यात खर्च होते. पुढे नाव माशाकडे सरकल्यामुळे लाइन सैल पडते, आणि सैल लाइनवर मरळ एकदा डोके झटकते की हूक बाहेर पडतो. वारा पाठीमागून असेल तर हे आणखी वाढते. माझ्या वहीत वाऱ्याची दिशा लिहिलेली असल्यामुळे मागे जाऊन पाहता आले: सुटलेल्या दहापैकी सात मरळी मी वाऱ्यासोबत बेटाकडे वाहत असताना सुटल्या होत्या.

यावर प्रथम नांगर करून पाहिला. दीड किलोचा घडीचा लोखंडी नांगर आणि पंधरा मीटर दोर, हे साहित्य खोल पाण्यात ठीक चालते, कारण दोर खोलीच्या किमान तिप्पट सोडला तरच नांगर तळाला धरतो. परंतु मरळीच्या जागा दोन-तीन फूट पाण्यात असतात. तेथे नांगर टाकताना होणारा आवाज आणि उठणारा गाळ यांनी ती जागा अर्ध्या तासासाठी तरी निकामी होते. नांगराच्या बाबतीत एक धोका स्पष्ट सांगणे आवश्यक आहे: दोर कयाकच्या मध्यावर, बाजूला कधीही बांधू नये. वारा किंवा प्रवाह वाढला की बाजूने बांधलेली नाव आडवी होऊन उलटू शकते. तो पुढच्या किंवा मागच्या टोकालाच बांधावा, आणि एका झटक्यात सुटेल अशीच गाठ द्यावी.

उपाय सापडला तो त्या तलावावरच. संस्थेचे मच्छीमार आपली होडी जाळी सोडवताना वेळूच्या काठीने अडवून धरतात. काठी चिखलात रोवली, तिला होडीचा दोर अडकवला, की काम झाले. मी अडीच मीटर लांबीचा, मनगटाएवढा जाड वेळू घेतला, त्याचे एक टोक तिरके तासले आणि दुसऱ्या टोकाला दोराचा फास केला. फेब्रुवारीच्या पहिल्या फेरीपासून पद्धत अशी ठेवली की बेटापासून पंधरा-सोळा मीटर अलीकडे वल्हे थांबवायचे, नाव स्वतःच्या गतीने येऊ द्यायची, वेळू मागच्या टोकाजवळ अलगद चिखलात दाबायचा आणि फास अडकवायचा. वारा पाठीवर ठेवला की नावेचे नाक आपोआप बेटाकडे राहते आणि दोन्ही हात मोकळे होतात. आता रॉड खेचला की नाव फार तर वीतभर हलते.

फेब्रुवारी ते मे या काळात नऊ फेऱ्यांत चौदा झडपा आल्या आणि आठ मरळी हाती लागल्या. हे सगळे श्रेय वेळूचे आहे असे मी म्हणणार नाही, कारण होळीनंतर पाणी तापते आणि मरळ मुळातच जोरात खाऊ लागते. परंतु झडपा जवळजवळ तेवढ्याच असताना हाती आलेल्या माशांची संख्या एकावरून आठवर जाते, तेव्हा तिचा संबंध ऋतूपेक्षा हुकाशी अधिक असावा असे मला वाटते.

थांबून राहिल्याने आणखी एक लाभ झाला, ज्याची मला कल्पना नव्हती. मरळीला केवळ कल्ल्यांवर जगता येत नाही. तिला ठरावीक वेळाने पृष्ठभागावर येऊन हवा घ्यावीच लागते. ती वर येते तेव्हा पाण्यावर एक छोटे, गोल, काहीसे तेलकट दिसणारे वलय उमटते आणि मागे दोन-चार बुडबुडे राहतात. वाहत्या नावेतून हे दिसत नाही. वेळूला बांधून दहा मिनिटे हात न हलवता बसल्यावर मात्र समोरच्या शेवाळात कोणत्या फटीत मासा आहे, हे कळू लागते, आणि मग आंधळेपणाने पन्नास वेळा ल्युअर फेकण्याऐवजी त्या वलयाच्या हातभर पुढे एकदाच टाकता येतो. बेडूक थेट वलयावर पडला तर मरळ बिचकते, म्हणून तो शेवाळावर टाकून सावकाश फटीच्या कडेपर्यंत आणायचा आणि तेथे थांबवायचा. माझ्या आठांपैकी पाच मरळींनी बेडूक थांबलेला असतानाच घेतला.

नावेतला आवाज हा वेगळा विषय आहे. पोकळ प्लॅस्टिकवर पकड पडली तरी तो ठोका पाण्यात दूरवर जातो. योगासनांची जुनी फोमची चटई कापून पायांखाली आणि वल्हे ठेवण्याच्या जागी चिकटवली, एवढे पुरेसे झाले.

साहित्य साधेच आहे: सात फुटी कडक रॉड, चाळीस पौंडी ब्रेड म्हणजे विणलेली लाइन, आणि ती व ल्युअर यांच्या मध्ये लीडर, म्हणजे वेगळ्या लाइनचा तुकडा, नाही. शेवाळातून मासा ओढताना लीडरची गाठ अडकते, आणि मरळ जेथे असते तेथील पाणी इतके गढूळ असते की लाइन लपवण्याची गरज पडत नाही. रिळावरून लाइन सुटू देणारा ड्रॅग जवळजवळ पूर्ण आवळलेला ठेवतो, कारण पहिल्या दोन सेकंदांत तिचे डोके वर उचलले नाही तर ती पाणकणसाच्या मुळांत शिरते आणि मग परत येत नाही. मोकळ्या पाण्यात लहान स्पिनरवर (फिरत्या पात्याच्या ल्युअरवर) चिलापी, म्हणजे तिलापिया, पुष्कळ मिळते. त्या नोंदी मी ठेवल्या नाहीत.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात हंगामातली सर्वांत मोठी मरळ मिळाली: छप्पन्न सेंटिमीटर, ताणकाट्यावर एक किलो सातशे ग्रॅम. ती बेशरमाच्या जाळीखालून आली, आणि वेळू चिखलातून उपटतो की काय असे वाटण्याइतकी तिने नाव हलवली. मरळ हवेत श्वास घेत असल्यामुळे नावेत आणल्यावर ती लवकर मरत नाही, पण म्हणून तिला कोरड्या प्लॅस्टिकवर तडफडू देणे बरोबर नाही. अंगावरचा बुळबुळीत थर निघाला की पुढे जखमा होतात. मी हुकांची काटेरी टोके पकडीने आधीच दाबून टाकलेली असतात, जबडा धरण्याचा चिमटा हाताशी असतो, आणि मोजमाप ओल्या गोणपाटावर होते. ती मरळ पाण्यात सोडली. आठांपैकी दोन घरी नेल्या, ठरल्याप्रमाणे वजन करून.

त्यानंतरच्या फेऱ्या मी सकाळी दहाच्या आत संपवू लागलो. चैत्र-वैशाखात दुपारी पश्चिमेचा वारा उठतो आणि वळवाचे ढग पाहता पाहता डोक्यावर येतात. उघड्या पाण्यावर सर्वांत उंच वस्तू म्हणजे आपण आणि आपल्या हातातला रॉड, आणि ग्राफाइटचा रॉड वीज वाहून नेतो. एकदा गडगडाट ऐकू आल्यावरही "आणखी दोनच फेकी" म्हणून मी थांबलो होतो; काठ गाठेपर्यंत पाऊस सुरू झाला आणि पलीकडच्या माळावर वीज पडलेली मला दिसली. तेव्हापासून पहिल्या आवाजाला वल्हे उचलायचे, हा नियम आहे. जीवरक्षक जॅकेट तर पहिल्या दिवसापासून अंगावरून काढलेले नाही, पाणी कमरेएवढे असले तरी.

सतरावी फेरी मेच्या अखेरीस झाली. आठवडाभर वळीव झाला होता आणि तलावाच्या वरच्या अंगाला नवे, लालसर पाणी आले होते. पहिल्याच बेटाजवळ वेळू रोवून बसलो असता, शेवाळाच्या फटीत ताटाएवढ्या जागेत पाणी उकळल्यासारखे दिसले. थोडे निरखून पाहिल्यावर कळले की ती मरळीची पिल्ले होती, शेकडो, नारिंगी-तांबूस रंगाची, सगळी मिळून श्वासासाठी वर येणारी आणि पुन्हा खाली जाणारी. त्यांच्या खाली आईबाप असतात, आणि त्या वेळी पिल्लांच्या गोळ्यावरून जाणाऱ्या कोणत्याही वस्तूवर ते तुटून पडतात. ल्युअर टाकला असता तर झडप निश्चित होती. परंतु राखण करणारा मासा उचलला की काही मिनिटांत चिलापी आणि इतर मासे तो गोळा संपवतात. मी हूक रॉडच्या कडीला अडकवला, काही वेळ बघत बसलो आणि वेळू उपटून परत फिरलो.

कयाक आता घराच्या पडवीत उलटी टांगली आहे. ऑक्टोबरमध्ये तलाव भरलेला असेल तेव्हा त्याच बेटांजवळ पाणी पाच-सहा फूट असेल आणि अडीच मीटरचा वेळू अपुरा पडेल, म्हणून साडेतीन मीटरचा एक कापून सावलीत वाळत ठेवला आहे.