तेल थांबलं कामून?

‘अणू कुणाला दिसत नाही, मग गावोगाव तो दाखवता तरी कसा?’ तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. परातीत दाखवते.

परभणीकडच्या कुठल्याही गावात घाण्याचं करडईचं तेल मिळतं. परात मात्र मी माझीच नेते. एका शाळेत माझ्यासाठी म्हणून परात साबणानं लख्ख घासून ठेवली होती. साबणाचा अंश राहिला आणि तेल पसरेचना. मे महिना होता. टँकरच्या पाण्यानं ती पाचपाचदा विसळताना जीव तुटत होता.

पाणी संथ झालं की त्यावर टाल्कम पावडर अगदी विरळ भुरभुरायची. बारीक तारेच्या टोकावर तेलाचा अर्ध्या मिलिमीटरचा थेंब घ्यायचा, भिंगाखाली फूटपट्टीवर मोजायचा आणि पाण्याला टेकवायचा. पावडर झर्रकन बाजूला सरते. वीसेक सेंटिमीटर रुंदीचं वर्तुळ उघडतं आणि तिथंच थांबतं.

“ताई, तेल थांबलं कामून? परातीत जागा तर हाये की,” एका आजोबांनी विचारलं.

सगळा खटाटोप मी या एका प्रश्नासाठी करते. पडद्यावर रंगीत गोळे फिरवले तर लोक माना डोलावतात, पण हे विचारत नाहीत. तेल थांबतं, कारण थर एका रेणूइतका उरला की त्याहून पातळ व्हायला जागाच नसते. थेंबाचं घनफळ भागिले वर्तुळाचं क्षेत्रफळ, हा भागाकार मुलंच करतात. उत्तर येतं दोनेक नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा पाच लाखावा हिस्सा. हा रेणू झाला, अणू नव्हे, हेही मी तिथंच सांगते. या रेणूत बहुतेक अठरा-अठरा कार्बनच्या साखळ्या असतात, तेव्हा एकटा अणू याच्याही दहाव्या हिश्श्याएवढाच.

आजोबांना पाच लाखावा हिस्सा पटेना. मग अमेरिकी शास्त्रज्ञ बेंजामिन फ्रँकलिन सांगितला. लंडनजवळच्या क्लॅपहॅमच्या तळ्यावर त्यानं चमचाभर तेल ओतलं, तर सुमारे अर्धा एकर पाणी आरशासारखं शांत झालं. १७७४ साली त्यानं ते छापलं.

“म्हंजी वीस गुंठे,” आजोबा म्हणाले आणि चमच्याकडे बघत राहिले.

तेवढ्यात सहावीतल्या मुलीनं विचारलं, “दोन थेंब टाकले तर रुंदी दुप्पट होईल?” परात पुन्हा विसळली, पावडर भुरभुरली, दोन थेंब टेकवले. पट्टी तिनंच धरली. सत्तावीस सेंटिमीटर. चाळीस नाही. ती खाली बसून क्षेत्रफळ काढू लागली.