तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या गावचं विमान टिकत का नाही?

पुण्यात राहणारी सोलापूरची, अमरावतीची, सिंधुदुर्गची मंडळी हटकून विचारतात: टर्मिनल झालं, फीत कापली, विमानही सुरू झालं, मग ते सारखं रद्द का होतं, आणि काही मार्ग शेवटी बंदच का पडतात?

माझं उत्तर असं, की टर्मिनलकडे पाहून विमानतळ जोखू नका. सेवा टिकते ती अग्निशमन, दिवे, धावपट्टी आणि कामाचे तास यांच्या जोरावर. यातल्या कशाचंही उद्घाटन होत नाही, म्हणून तिथेच हात आखडतो.

अग्निशमनाचंच घ्या. विमानाची लांबी आणि धडाची रुंदी पाहून विमानतळाला श्रेणी लागते. छोट्या गावांना येणारं एटीआर-७२ हे पंख्याचं विमान सुमारे २७ मीटरचं, म्हणून श्रेणी ५: गाडीत ५,४०० लिटर पाणी, शिवाय फोम, आणि मिनिटाला ३,००० लिटर फेकायची ताकद. एअरबस ए-३२० साडेसदतीस मीटरचं, म्हणजे श्रेणी ६: ७,९०० लिटर पाणी आणि मिनिटाला ४,००० लिटरचा मारा. गाडी धावपट्टीच्या कुठल्याही टोकाला तीन मिनिटांत पोचायलाच हवी. छोटी गावं विमानानं जोडायच्या केंद्राच्या ‘उडान’ योजनेत सुरक्षा आणि अग्निशमन ही राज्यानं मोफत द्यायची सेवा आहे. गाडी दुरुस्तीला गेली आणि बदली गाडी नसली, किंवा प्रशिक्षित माणसं बदलून गेली, की श्रेणी घसरते, तशी सूचना वैमानिकांना जाते आणि मोठ्या विमानाचं येणं थांबतं. हवा स्वच्छ असूनही विमान का आलं नाही, हे प्रवाशाला कळतच नाही.

दुसरं कारण वेळेचं. धावपट्टीला रात्रीचे दिवे नसतील तर सूर्यास्तापूर्वी सगळं उरकावं लागतं. छोट्या कंपनीचं एकच विमान दिवसभर चार-पाच गावं करतं. सकाळी कुठे धुक्यानं दीड तास गेला, की तो उशीर पुढे सरकत राहतो आणि शेवटच्या गावाची फेरी रद्द होते. जिथे फक्त नजरेनं उतरायची परवानगी आहे, तिथे साधारण पाच किलोमीटर दृश्यमानता लागते. आपल्या पावसाळ्यात ती कितीदा मिळणार? याला चांगला उपाय आहे. इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणानं उभारलेल्या ‘गगन’ या उपग्रह यंत्रणेवर एप्रिल २०२२ मध्ये राजस्थानातल्या किशनगडला एटीआर-७२ उतरवून दाखवलं गेलं. उतरणाऱ्या विमानाला रेडिओ लहरींनी वाट दाखवणारी आयएलएस ही महागडी यंत्रणा मग जमिनीवर बसवावी लागत नाही. विमानात तसा रिसीव्हर आणि त्या विमानतळासाठी आखलेला, मंजूर झालेला मार्ग लागतो. महाराष्ट्रातल्या छोट्या विमानतळांना नव्या काचेच्या भिंतींपेक्षा याची गरज जास्त आहे, असं मला ठामपणे वाटतं.

धावपट्टीची लांबी हा तर गैरसमजाचा विषय. आराखड्याचा ढोबळ नियम असा, की समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटर उंचीला ७ टक्के आणि त्या उंचीच्या प्रमाण, म्हणजे हिशेबासाठी ठरवलेल्या, तापमानाहून जास्त असलेल्या दर अंशाला १ टक्का लांबी वाढवावी लागते. पुण्याचा लोहगाव विमानतळ ५९२ मीटर उंचीवर, म्हणजे सुमारे १४ टक्के. तिथलं प्रमाण तापमान ११ अंश, एप्रिलची दुपार ३८ अंशांची. आणखी २७ टक्के. म्हणजे लोहगावची २,५३५ मीटरची धावपट्टी उन्हाळ्यात समुद्रकाठच्या गार हवेतल्या जेमतेम १,७५० मीटरइतकं काम देते. पुण्याहून मोठी विमानं पूर्ण भरून लांब का उडत नाहीत, ते यात आलं. पठारावरच्या आखूड धावपट्टीवर हेच गणित एटीआरच्या रिकाम्या ठेवलेल्या खुर्च्यांत दिसतं.

अडथळ्यांचं उदाहरण सोलापूर. मोठ्या धावपट्टीभोवती चार किलोमीटरपर्यंत ४५ मीटरच्या वर काही उभं नसावं, हा पायाभूत नियम. धावपट्टीच्या टोकांसमोर तो आणखी कडक. सोलापुरात सिद्धेश्वर साखर कारखान्याची सुमारे ९० मीटरची चिमणी होती. वर्षानुवर्षं वाद चालून ती जून २०२३ मध्ये पाडली गेली, आणि गोव्याचं विमान सुरू झालं जून २०२५ मध्ये. मधली दोन वर्षं पाडकामाइतकीच बोलकी आहेत.

आणि पुण्याशी जोडायचं म्हटलं, तर लोहगाव हवाई दलाचं. धावपट्टी आणि नियंत्रण कक्ष त्यांचा. प्राधिकरणाकडे नागरी भाग. जुलै २०२४ पासून नवं टर्मिनल वापरात आलं, त्यानं प्रवाशांची सोय झाली, धावपट्टी मात्र तीच राहिली. दुरुस्तीसाठी १६ ते २९ ऑक्टोबर २०२१ ती बंद होती, तेव्हा सगळं पुणे थांबलं. अशा ठिकाणी सत्तर खुर्च्यांचं एटीआर उतरण्याची तेवढीच एक वेळ खातं, जेवढी एकशे ऐंशी खुर्च्यांचं जेट. गर्दीच्या तासात वेळ कोणाला मिळेल, ते सांगायला नको.

राहिला पैसा. ‘उडान’मध्ये तोट्याची भरपाई आणि मार्गाची मक्तेदारी तीन वर्षं. कॅगच्या २०२३ च्या अहवालानुसार ‘उडान-३’पर्यंत, म्हणजे योजनेच्या तिसऱ्या फेरीपर्यंत, दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ३७१ सुरू झाले, ११२ नी तीन वर्षं पुरी केली आणि मार्च २०२३ पर्यंत ५४ टिकले. तीन वर्षांत प्रवाशांना सवय लागायला विमान रोज वेळेवर यावं लागतं, आणि वरची कारणं नेमकं तेच होऊ देत नाहीत.

तुमच्या गावचं खरं चित्र पाहायचं असेल तर प्राधिकरणाचं ‘एआयपी’, म्हणजे विमानतळांच्या अधिकृत माहितीचं पुस्तक, इंटरनेटवर फुकट वाचता येतं. गावच्या पानावर २.३ मध्ये कामाचे तास, २.६ मध्ये अग्निशमनाची श्रेणी, २.१० मध्ये अडथळे, २.१४ मध्ये दिवे, २.१९ मध्ये दिशादर्शक यंत्रणा असते. पुढच्या वेळी आमदार-खासदार नव्या टर्मिनलचं आश्वासन देतील, तेव्हा या पाच नोंदी त्यांच्यासमोर ठेवा आणि यातली कोणती, कधीपर्यंत सुधारणार, ते लेखी मागा.