मोगऱ्याच्या मेणबत्तीला घाम फुटला

दिवाळीत विकायला मेणबत्त्या करायच्या, हे मी आणि माझ्या जाऊबाईंनी पोळ्याच्या दिवशी ठरवलं. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात. घरची पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, असल्यामुळे वातीला पैसा लागणार नाही, असा आमचा हिशोब. नागपूरच्या इतवारीतून पाच किलो पॅराफिन आलं, सोबत चहाच्या टपरीवर असतात तसले जाड काचेचे ग्लास. उभ्या मेणबत्त्या आम्ही आधीच बाद केल्या होत्या. पॅराफिन 58 ते 60 अंशांना वितळतं खरं, पण मऊ त्याच्या बरंच आधी पडतं. टिनाच्या छपराखाली मे महिन्यात उभ्या मेणबत्त्या नमस्कार घालताना मी पाहिल्यात.

पहिल्या वाती हातानं वळल्या. पेटवल्यावर ज्योत भडकली, काच काळी झाली आणि वातीच्या टोकाला बोंडासारखा काळा गोळा धरला. सासूबाई म्हणाल्या, "काहून वं पोरींनो, मेणबत्ती करून राहिल्या का काजळ पाडून राहिल्या?"

समईची वात आपण अधूनमधून काडीनं सारखी करतो. मेणबत्तीच्या वातीला स्वतःचं टोक स्वतःच संपवावं लागतं. वेणीसारखी विणलेली वात जळताना वाकते, तिचं टोक ज्योतीच्या कडेला येतं आणि तिथे जळून जातं. आमची पिळाची वात ताठच उभी. घरचा कापूस घरीच राहिला आणि विणलेला दोरा तीन जाडींत विकत आणला.

दुसऱ्या घाण्यात घाई केली. नवी वात, पोराच्या मेणखडूचा लाल रंग आणि मोगऱ्याचा सेंट, सगळं एकदमच घातलं. ज्योत हरभऱ्याएवढी झाली आणि मेणात बुडून विझली. चुकलं काय, सांगता येईना. भासरे, म्हणजे माझे मोठे दीर, अंगणात फवारणीचा पंप धूत होते. ते म्हणाले, "तीन औषधं एकाच पंपात मारली अन् पानं जळली, तं कोणत्या औषधानं जळली हे कसं समजन?"

मग मात्र वही घातली. नुसतं मेण, तीन ग्लास, तीन वाती, प्रत्येकावर चिठ्ठी. लोडशेडिंगची वेळ हीच आमची परीक्षेची वेळ, कारण पंख्याच्या वाऱ्यात ज्योत एका बाजूला झुकते आणि काहीच खरं कळत नाही. ग्लास आतून सहा सेंटिमीटर रुंद. बारीक वातीनं मधोमध विहीर खणली, कडेचं मेण तसंच उभं. जाड वातीनं दीड तासात सगळं वितळवलं, पण ज्योत नाचत होती आणि ग्लासाला हात लावता येत नव्हता. मधलीनं अडीच-तीन तासांत मेण काठापर्यंत वितळवलं. ती पास. दर वेळी पेटवण्याआधी वात गव्हाच्या दाण्याएवढी ठेवून बाकीची कापायची. तीन तास जाळायची, पूर्ण थंड करायची, पुन्हा पेटवायची, असं तळापर्यंत. तळाशी बोटभर मेण उरलं की विझवायची. एकदा ते विसरलो आणि ग्लास तडकला.

रंगात बरेच दिवस गेले. रांगोळीचा रंग म्हणजे दगडाची भुकटी, ती तळाला बसली. खाण्याचा रंग पाण्याचा, त्याचे मेणात मणी मणी झाले. मेणखडूनं रंग झकास आला, पण त्यातले कण विरघळत नाहीत, वातीत अडकून मेण वर चढू देत नाहीत. म्हणजे आधीच्या घाण्यातला निम्मा गुन्हेगार तोच. शेवटी तेलात विरघळणारा, मेणबत्तीचाच रंग आणला. अर्ध्या किलोला चिमूटभर पुरतो. पातळ मेणात तो गडद दिसतो, म्हणून पांढऱ्या बशीवर थेंब टाकून गोठू द्यायचा आणि मग ठरवायचं.

सेंट जास्त तर वास जास्त, असं वाटून पाव किलो मेणात 25 ग्रॅम मोगरा ओतला. सकाळी मेणबत्तीला घाम फुटलेला, वर तेलाचे थेंब. 15 ग्रॅमवर घाम थांबला. गंजातल्या, म्हणजे पातेल्यातल्या, उकळत्या पाण्यावर मेण वितळवायचं (थेट गॅसवर कधीच नाही), खाली उतरवायचं, 80-85 अंशांना सेंट घालून दोन मिनिटं हळूहळू ढवळायचं. वासाचा निकाल चार-पाच दिवसांनी लावायचा. दुसऱ्याच दिवशी हुंगून "वासच नाही" म्हणत आम्ही दोन चांगले ग्लास पुन्हा वितळवले होते.

एवढं जमल्यावर खरी थट्टा झाली. नुसत्या मेणात पास झालेली मधली वात मोगऱ्याच्या ग्लासात मंद पडली. तिथे जाड वात लागली, तीच जी आधी नापास केली होती. रंग-वास बदलला की वात पहिल्यापासून तपासायची, हे जाऊबाईंनी वहीच्या पुठ्ठ्यावरच लिहून ठेवलं.

दिवाळीपर्यंत विकण्याजोगे चाळीस ग्लास झाले. नापास झालेले सासूबाईंनी देवळीत लावून ठेवलेत, लाइट गेली की त्यातलाच एक पेटतो. सध्या थंडीनं मेण काचेपासून सुटून पांढरे डाग दिसतात. उद्या ग्लास आधी कोमट करून ओतून पाहणार आहोत, बाकी काही न बदलता.