क्रूझ घेण्याआधी फ्लोअर बघा

'रोज रात्री बॉलरूम डान्स', म्हणजे जोडीने नाचायचे पाश्चात्त्य नाच, असं एजंटने आम्हाला तोंडी सांगितलं, पावतीवर लिहून दिलं आणि त्याचे जोडीचे 18 हजार रुपये वेगळे घेतले. बार्सिलोनाहून निघालेल्या त्या 7 रात्रींच्या सफरीत धड वॉल्ट्झ नाचायला मिळाला तो सगळा मिळून 40 मिनिटं. नाचाच्या ओढीने क्रूझवर जाऊ पाहणाऱ्या जोडप्यांचे पैसे आमच्यासारखे जाऊ नयेत, म्हणून हे लिहिते आहे.

आम्ही दोघं बडोद्याची, दांडिया बाजारात वाढलेली. हे 61 वर्षांचे, मी 57. गरबा पायात लहानपणापासून, आणि गेली 6 वर्षं आठवड्यातून तीन दिवस बॉलरूम. तुम्हाला तासभर न थांबता नाचता येतं, वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट, रुंबा, चाचा एवढं तरी येतं आणि सुएड (बारीक लव असलेलं चामडं) सोलचे बूट घरात आहेत, हे धरूनच पुढचं सांगते.

पहिल्या संध्याकाळी निळ्या फोल्डरमधलं व्हाउचर घेऊन रिसेप्शनवर गेलो. काउंटरवरच्या मुलीने ते उलटंपालटं करून पाहिलं, मागची कोरी बाजूसुद्धा पाहिली आणि शेजारच्या मुलाला दाखवलं. मग तिने आमच्यापुढे त्या दिवसाचा छापील कार्यक्रम ठेवला. त्यात 4 वाजता डान्स क्लास होता, सगळ्यांसाठी, फुकट. ''हेच का ते?'' ह्यांनी विचारलं. तिने मान हलवली. जहाजावरच्या प्रत्येकाला जे मोफत होतं, त्याचे आम्ही 18 हजार मोजले होते. आणि त्या क्लासात शिकवलं काय, तर रांगेत उभं राहून करायचे लाइन डान्स. सात दिवसांत एकदाही जोडीचा हात धरायला सांगितलं नाही.

फ्लोअरचीही तीच गत. एजंटने दाखवलेल्या फोटोत झुंबरं होती आणि खाली लांबलचक पार्के, म्हणजे लाकडी पट्ट्यांची जमीन. तो फोटो त्याच कंपनीच्या दुसऱ्या, जुन्या जहाजाचा निघाला. आमच्या जहाजावर दोनच जागा होत्या. एक खालच्या मजल्यावरच्या चौकात, जिन्याच्या पायाशी, गोल मार्बलची. ह्यांनी ती पावलांनी मोजली, या टोकापासून त्या टोकापर्यंत 6 पावलं. फॉक्सट्रॉटचा एक फेदर स्टेप आणि एक थ्री स्टेप घेतला की समोर पियानो. त्यातून बारकडे जायचा रस्ता त्याच गोलावरून, त्यामुळे हातात ग्लास घेतलेली माणसं सतत मधून जात होती.

मार्बलवर नाचू नका, हे मी अगदी ठामपणे सांगते. लाकूड पावलाखाली थोडं दबतं, दगड दबत नाही, आणि तो दगड पोलादी डेकवर बसवलेला असतो. पहिल्याच रात्री माझा उजवा गुडघा सुजला. त्यात कुणीतरी सांडलेलं गोड पेय सोलला लागलं. सुएडची लव चिकटून वाळली की सोल काचेसारखा गुळगुळीत होतो. रात्री 12 वाजता हे बाथरूमच्या उंबऱ्यावर बसून तारेच्या ब्रशने बूट घासत होते. एकाच दिशेने, हलक्या हाताने, काळे तुकडे टॉवेलवर पाडत. अर्ध्या तासाने एका बुटाची लव उभी राहिली, दुसऱ्याची राहिली नाही. तारेचा ब्रश आणि बुटांची दुसरी जोडी, या दोन गोष्टी विसरलात तर सफर तिथेच संपली.

दुसरी जागा 15व्या डेकवर, जहाजाच्या अगदी नाकाशी, काचेच्या भिंतींचं लाउंज. तिथे लाकडासारखं दिसणारं फ्लोअर होतं आणि जागाही बरी होती. डीजे रात्री साडेदहाला यायचा, पण त्याआधी एक गिटारवाला आणि एक गायिका 45 मिनिटं गायची. त्यांना आम्ही वॉल्ट्झसाठी विनंती केली. ती बिचारी रोज एक गाणं आमच्यासाठी घ्यायची. आमची 40 मिनिटं त्यातलीच. त्या दोघांबद्दल माझी काही तक्रार नाही.

तक्रार आहे ती लाउंजच्या जागेबद्दल, आणि दुसऱ्या दिवशी जे घडलं ते त्या जागेमुळेच. बार्सिलोनाहून मार्सेयला जायचं म्हणजे लायन्सचं आखात ओलांडायचं. फ्रान्समधल्या ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून मिस्त्राल नावाचा कोरडा, थंड वारा खाली येतो तो थेट या आखातावर. हिवाळ्यात आणि वसंतात त्याचा जोर जास्त. आम्ही मार्चअखेर गेलो होतो. एजंटला हे ठाऊक नव्हतं, आणि आम्हीही विचारलं नव्हतं. पहाटेच कॅप्टनने सांगितलं की वाऱ्यामुळे मार्सेय बंदरात जाणार नाही, दिवसभर समुद्रातच राहणार. मला तर आनंद झाला, की चला, नाचायला आख्खा दिवस मिळाला.

संध्याकाळी लाउंजमध्ये मोजून 9 माणसं. गायिकेने वॉल्ट्झ धरला. वॉल्ट्झमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या ठेक्याला तुम्ही चवड्यांवर उंच होता. नेमक्या त्याच वेळी नाकाचा डेक खाली गेला. पाऊल जमिनीला शोधायला लागलं आणि जमीन तिथे नव्हती. पुढच्या ठेक्याला डेक वर आला तो टाचेवर आदळला. दोन फेऱ्या आम्ही निभावल्या. तिसऱ्यात ह्यांनी स्पिन टर्न घेतला, जहाज परत खाली गेलं, ह्यांचा खांदा पितळी कठड्यावर आपटला आणि मी सुजलेल्या गुडघ्यावरच पडले. उठवायला गिटारवाला धावून आला. डॉक्टरकडे गेलो नाही, कारण जहाजावरच्या डॉक्टरचं बिल वेगळं येतं आणि आमच्या विम्याचे कागद केबिनमध्ये कुठे ठेवलेत ते त्या क्षणी आठवेना. ते कागद पर्समध्येच ठेवा.

दुसऱ्या दिवशी एका अधिकाऱ्याने मला कारण समजावून सांगितलं. जहाजाच्या दोन्ही बाजूंना पाण्याखाली पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात. ते डावं-उजवं डोलणं कमी करतात. नाक वर-खाली होणं ते थांबवू शकत नाहीत. ही हालचाल सर्वांत जास्त नाकाशी आणि शेपटीशी, सर्वांत कमी मध्यावर. डोलणं जितकं उंच जाल तितकं जास्त. म्हणजे 15व्या डेकवर नाकाशी डान्स फ्लोअर करणं ही नाचणाऱ्यांसाठी सर्वांत वाईट जागा. बुकिंगआधी डेक प्लॅन मागा, तो प्रत्येक कंपनीच्या वेबसाइटवर असतो. फ्लोअर खालच्या डेकवर, शक्य तितकं मध्याकडे असेल तरच पुढे जा. उलटीची गोळी घेऊन नाचू म्हणाल तर बहुतेक गोळ्यांनी गुंगी येते आणि तोल जातो. त्या रात्री नाचूच नका.

जिनोआ, रोम, नेपल्स, पालेर्मो पाहिलं. छान आहे, त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. एवढंच सांगते की रोमचं बंदर चिव्हिटाव्हेकिया हे रोमपासून तासाभराहून जास्त अंतरावर आहे. दिवसभर दगडी रस्त्यांवर चालून आल्यावर पाय संध्याकाळी नाचाच्या कामाचे राहत नाहीत. 7 रात्रींत 5 बंदरं असलेली सफर नाचणाऱ्यांनी घेऊच नये. बंदरं मोजू नका, समुद्रातले दिवस मोजा. 7 रात्रींत 3 तरी हवेत.

पैशांचं राहिलंच. 'सगळं धरून' म्हणून सांगितलेल्या भाड्यात टिप धरलेली नव्हती. माणशी रोज 12 युरो, 7 दिवस, दोघं, म्हणजे 168 युरो शेवटच्या सकाळी आपोआप बिलावर चढले. रुपयांत 15 हजारांच्या वर. पाणी सोडून प्रत्येक पेयावर सेवाशुल्क वेगळं. शेंगेन व्हिसाची फी माणशी 90 युरो, शिवाय व्हिसा केंद्राचं शुल्क, आणि बोटांचे ठसे द्यायला अहमदाबादची फेरी. परदेशी टूर पॅकेजवर टीसीएस हा आगाऊ आयकर कापतात तो मात्र बुडत नाही, रिटर्न भरताना वळता होतो. त्याचं सर्टिफिकेट एजंटकडून मागून घ्या, तो आपण होऊन देत नाही.

आता बुकिंगआधी काय विचारायचं. फ्लोअर लाकडाचं की मार्बलचं, लांबी-रुंदी किती, कोणत्या डेकवर. वाद्यवृंद आहे की नुसता डीजे, आणि जोडीच्या नाचाचं संगीत किती वाजता सुरू होऊन किती वाजता संपतं. जहाजावर शिकवणारी नर्तक जोडी आहे का. ही उत्तरं ईमेलवर घ्या आणि त्या ईमेलमध्ये जहाजाचं नाव असू द्या, नुसतं कंपनीचं नको. एजंट ''आहे, सगळं आहे'' म्हणाला तर तिथून उठा. जेवणाच्या दोन पाळ्या असतील तर पहिली घ्या. दुसरीत जेवण 10 वाजून जाईपर्यंत चालतं आणि भरल्या पोटी क्विकस्टेप होत नाही. सात सफरींची उत्तरं मी पुढे स्वतः मागवली. त्यातल्या पाच तिथेच बाद झाल्या.

आणि यंदा मे महिन्यात आम्ही परत गेलो. मुलगा जर्सी सिटीत असतो, अमेरिकेचा व्हिसा होताच, ब्रिटनचा काढला आणि साउदॅम्प्टनहून क्वीन मेरी 2 ने न्यूयॉर्कला गेलो. 7 रात्री, मध्ये एकही बंदर नाही. 2004 सालचं जहाज आहे, अटलांटिक ओलांडण्यासाठीच बांधलेलं, 345 मीटर लांब. तिथला क्वीन्स रूम तिसऱ्या डेकवर आहे, म्हणजे खाली. कंपनी त्याला समुद्रावरचा सर्वांत मोठा बॉलरूम म्हणते. आम्ही पहिल्या रात्री आत पाऊल टाकलं तेव्हा ह्यांनी काही न बोलता माझा हात धरला. लाकडी फ्लोअर, पुढे वाद्यवृंद, आणि फ्लोअरवर ज्याला त्याला माहीत की वाट उलट्या घड्याळाची. आपला गरबाही उलट्या घड्याळाचाच फिरतो, म्हणून बडोद्याच्या माणसाला त्या गर्दीत धक्का लागत नाही. सकाळी जोडीच्या नाचाचा क्लास, रात्री जेवणानंतर मध्यरात्रीपर्यंत नाच. एकट्या आलेल्या बायकांसाठी कंपनीने नेमलेले पुरुष नर्तक असतात, ते प्रत्येकीला पाळीपाळीने घेऊन जातात. माझ्या दोन विधवा मैत्रिणींना मी हे आल्याआल्या सांगितलं.

एक रात्र तिथेही डोलली. फरक एवढाच की आम्ही बसलो नाही, पावलं लहान केली आणि रुंबा नाचलो.

या मार्गाची एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी. पश्चिमेकडे, म्हणजे साउदॅम्प्टनहून न्यूयॉर्कला जा. वेळेत 5 तासांचा फरक आहे आणि तो भरून काढायला पाच रात्री घड्याळ एकेक तास मागे घेतात. म्हणजे पाच दिवस 25 तासांचे. मध्यरात्री नाच संपवून खोलीत जावं तर घड्याळात अकराच. उलट दिशेने गेलात तर तेच पाच तास जातात. पूर्वेकडची सफर मी फुकट मिळाली तरी घेणार नाही.

कपडे: दोन रात्री गाला, म्हणजे औपचारिक पोशाखाच्या, असतात, पुरुषांना गडद सूट आणि टाय तरी हवाच. मी एका रात्री नऊवारी नेसले. पाचवारीत मागे पाऊल टाकताना निऱ्या ह्यांच्या बुटाखाली येतात, काष्ट्यात पाय मोकळे राहतात आणि वॉल्ट्झची पावलं दिसतातही. कुणीही हरकत घेतली नाही, उलट दोन बायकांनी काष्टा कसा घालतात ते विचारलं. केबिनमध्ये इस्त्री चालत नाही, आगीच्या भीतीने. पण या जहाजावर कपडे धुण्याच्या खोल्यांत इस्त्री मोफत आहे. शाकाहाराचं बुकिंगच्या वेळीच कळवा. खाण्याचे हाल झाले नाहीत, ठेपले तसेच परत आले.

शेवटच्या दिवशी पहाटे न्यूयॉर्कच्या व्हेराझानो पुलाखालून जहाज आत शिरतं. पुलाखालून धुराडं जावं अशा बेताने त्याची उंची ठरवलेली आहे, आणि खाली उभं राहून बघताना तरीही श्वास अडकतो. मध्यरात्रीपर्यंत नाचून आम्ही साडेचारला डेकवर होतो. झोपू नका.

त्या पहिल्या एजंटने महिनाभर फोन केल्यावर 9 हजार परत दिले. उरलेले 9 हजार 'प्रोसेसिंग'चे म्हणतो. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, त्याने दाद दिली नाही, म्हणून आता जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही आणि घटनेपासून 2 वर्षांची मुदत असते, ती माझी अजून आहे. पावतीवर 'बॉलरूम रोज' हे शब्द त्याच्याच अक्षरात आहेत. तिच्या तीन झेरॉक्स काढून ठेवल्या आहेत.