एसी मार्चात घेतला, लागला जूनमध्ये

एसीचा खोका अडीच महिने ओसरीत पडून होता आणि आई, वय 74, भुसावळच्या 45 अंशांत तळमळत होती. हा राग अजून गेलेला नाही.

घर आजोबांच्या वेळचं, धाब्याचं, म्हणजे वर मातीचं सपाट छत. मातीच्या दोन फुटी भिंती दिवसभर ऊन अडवतात, पण तापल्या की रात्रभर ऊब सोडतात. कूलर मे महिन्यात चालतो, पावसाची दमट हवा सुटली की नुसता ओलावा फेकतो. म्हणून दीड टनाचा ‘हॉट अँड कोल्ड’ स्प्लिट घेतला. दुकान, पैसे, डिलिव्हरी, सगळं एका दिवसात.

अडलं ते वीज कार्यालयात. बिलावर मंजूर भार, म्हणजे घराला एका वेळी वापरायला दिलेली वीज, अर्धा किलोवॅट; एवढ्यात एसी चालवायचा नाही. भार वाढवायला गेलो तर मीटर आजोबांच्या नावावर, आधी नाव बदला. मृत्यूचा दाखला दिला. पुढच्या खेपेला नमुना 8 चा, म्हणजे घराच्या नोंदीचा उतारा मागितला. तो नेला तर म्हणे वारसांचं संमतीपत्र कुठाय? आत्या सुरतला, तिच्या सहीसाठी जाऊन आलो. मग परवानाधारक वीज ठेकेदाराचा वायरिंगचा टेस्ट रिपोर्ट मागितला. तो आणला त्या दिवशी साहेब साइटवर. सहा खेपा झाल्या. खिडकीवरच्या माणसाने पहिल्याच दिवशी चार कागद एका चिठ्ठीवर लिहून दिले असते, तर आईचा उन्हाळा वाचला असता. तुम्ही एसी बघायला जाण्याआधी बिलावरचं नाव आणि भार बघा. हे आधी करा, बाकी सगळं नंतर.

सहाव्या खेपेला अर्ज घेतला, आठवड्याने भार 3 किलोवॅट झाला. घरी येऊन आईच्या पाया पडलो.

मातीच्या भिंतीत स्क्रू धरत नाहीत. सुताराकडून सागवानी फळी खांबांना ठोकून घेतली, युनिट तिच्यावर टांगलं. पाइपाचं भोक बाहेरच्या बाजूला उतरतं पाडून घ्या, नाहीतर पाणी भिंतीत मुरतं. धाब्यावर आउटडोअर ठेवू नका, उत्तरेच्या सावलीत ठेवा. आणि हो, एसीची क्षमता बाहेर 35 अंश धरून मोजतात, आपल्याकडे त्याहून दहा अंश जास्त. तेव्हा 50 अंशांपुढेही चालतो असं माहितीपत्रकात लिहिलेलाच घ्या.

जानेवारीत पहाटे आईने ‘हॉट’ लावला. यात तोच गॅस उलटा फिरतो आणि बाहेरची ऊब आत आणतो, म्हणून हीटरपेक्षा वीज कमी लागते. शेगडी तिने माळ्यावर टाकायला सांगितली.