ज्याने सुचवलं त्याने हात लावायचा नाही

आमची जॉब क्यू, म्हणजे मागे चालणाऱ्या कामांची रांग, बदलायची चर्चा सुरू झाली आणि सगळ्यात आधी तयार झाली ती एक्सेल शीट. पर्याय तीन: काफ्का (घटनांचा प्रवाह साठवणारी प्रणाली), रेडिस (मेमरीत डेटा ठेवणारा स्टोअर), नाहीतर हाताशी असलेल्या पोस्टग्रेस डेटाबेसमध्येच जॉबचं एक टेबल. डावीकडे निकष, प्रत्येक निकषाला वजन, समोर गुण, खाली बेरीज. काफ्का पहिला आला. मग कुणीतरी 'स्केल'चं वजन थोडं कमी केलं, 'शिकायला लागणारा वेळ' थोडा वाढवला आणि पोस्टग्रेस पहिला आला. सगळे हसले. त्यानंतर त्या शीटकडे कुणी गंभीरपणे बघितलं नाही, आणि ते बरंच झालं. वजनं ठरवणाऱ्याच्या मनात उत्तर आधीच असतं, शीट ते फक्त आकड्यांत मांडून देते.

काफ्काचा आग्रह धरणारा आमच्यातला सगळ्यात तरुण आणि हुशार बॅकएंड डेव्हलपर. त्याचा हेतू सगळ्यांना कळत होता. नोकरीच्या जाहिरातींत काफ्का मागतात, "पोस्टग्रेसमध्ये टेबल केलंय" असा अनुभव कुणी मागत नाही. यात मला काही वावगं वाटत नाही. शिकायची हौस असलेली माणसं टीममध्ये हवीतच. पण आमचं काम म्हणजे रिपोर्टच्या पीडीएफ बनवायच्या आणि मेल पाठवायचे. दिवसाला काही हजार जॉब, त्यातले थोडे सहा-सात मिनिटं चालणारे. सेकंदाला लाखो मेसेजचे बेंचमार्क दाखवून इथे काहीच सिद्ध होत नव्हतं.

चर्चा त्याच त्याच मुद्द्यांवर फिरायला लागली तेव्हा ऑप्स, म्हणजे सर्व्हर चालते ठेवायचं काम, सांभाळणारी सहकारी म्हणाली, "तू बसवशील रे. पण रात्री दोनला पडलं तर फोन मला येणार. तेव्हा एक दिवस द्या, मी सगळं मोडून दाखवते." नियम तिनेच घातला: ज्याने जे सुचवलं त्याने ते स्टेजिंगवर, म्हणजे चाचणीच्या सर्व्हरवर, उभं करून द्यायचं आणि बाजूला व्हायचं. दुरुस्ती दुसऱ्याने करायची. डॉक्युमेंटेशन वाचा, सर्च करा, पण सुचवणाऱ्याला विचारायचं नाही, आणि त्यानेही तोंड उघडायचं नाही.

रेडिस त्या दिवसापर्यंत पोचलाच नाही. मार्च २०२४ मध्ये त्याचं लायसन्स बदललं, लगेच लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली व्हाल्की नावाचा फोर्क (त्याच कोडची वेगळी वाट धरलेली आवृत्ती) निघाला, आणि २०२५ मध्ये रेडिस ८ सोबत एजीपीएल या ओपन सोर्स लायसन्सचा पर्याय आला. आमच्या लीगलवाल्यांनी एवढं वाचून "सध्या नको" असं कळवलं. तांत्रिक तुलना करायची वेळच आली नाही.

सकाळी काफ्का. तो आला फ्रंटएंडच्या सहकाऱ्याच्या हाती. ऑप्सच्या बाईंनी काहीही बंद पाडलं नाही, फक्त सात मिनिटं चालणारा एक रिपोर्ट क्यूमध्ये टाकला. थोड्या वेळाने टेस्ट इनबॉक्समध्ये तो रिपोर्ट आला. मग पुन्हा तोच आला. मग पुन्हा. एकही वर्कर (जॉब चालवणारा प्रोग्राम) पडलेला नाही, सीपीयू शांत, डॅशबोर्ड हिरवागार, फक्त लॅग, म्हणजे मागे राहिलेलं काम, काही केल्या कमी होईना. बिचारा बराच वेळ रिपोर्टच्या कोडमध्येच चूक शोधत बसला.

झालं होतं असं. काफ्काचा कन्झ्युमर, म्हणजे इथे आमचा वर्कर, ठरावीक वेळात पुन्हा पोल करायला (नवे मेसेज मागायला) आला नाही, तर तो निकामी झाला असं धरलं जातं. ही मर्यादा डीफॉल्टने पाच मिनिटांची. आमचा वर्कर सात मिनिटं एकाच कामात गुंतलेला. पाच मिनिटं झाली की तो ग्रुपमधून बाहेर, त्याचं पार्टिशन, म्हणजे रांगेचा त्याच्या वाट्याचा भाग, दुसऱ्याकडे, आणि दुसरा तोच रिपोर्ट पहिल्यापासून सुरू करणार. इकडे पहिला काम संपवून मेल पाठवतो, ऑफसेट कमिट करायला ('इथपर्यंत झालं' अशी नोंद करायला) जातो आणि त्याचा कमिट नाकारला जातो. मग हेच दुसऱ्याच्या बाबतीत. त्या पार्टिशनमध्ये या रिपोर्टच्या मागे उभे असलेले बाकीचे जॉब तसेच ताटकळत.

गंमत म्हणजे लॉगमध्ये हे स्वच्छ लिहिलेलं होतं, उपायासकट: मर्यादा वाढवा किंवा एका वेळी कमी रेकॉर्ड घ्या. फ्रंटएंडवाल्याने आधी एकेकच रेकॉर्ड घ्यायला लावलं. फरक पडला नाही, कारण एकच जॉब सात मिनिटांचा. मग मर्यादा पंधरा मिनिटं केली आणि रिपोर्ट एकदाच आला. तो सुस्कारा सोडतोय तोवर बाईंनी कधीच न संपणारा एक जॉब टाकला. वर्कर मेला असता तर हार्टबीट ('मी जिवंत आहे' असे इशारे) थांबून लवकर कळलं असतं. पण अडकलेल्या वर्करचे हार्टबीट वेगळ्या थ्रेडवरून जातच राहतात. म्हणजे आता पंधरा मिनिटं ते पार्टिशन ठप्प. काफ्का सुचवणारा शेजारच्या खुर्चीत ओठ घट्ट मिटून बसला होता. त्याला उत्तर ठाऊक होतं, पण नियम म्हणजे नियम.

हा काफ्काचा दोष म्हणता येणार नाही. लिंक्डइनमध्ये तो घडला आणि २०११ मध्ये ओपन सोर्स झाला तो घटनांचा अखंड प्रवाह साठवायला. प्रत्येक जॉबची स्वतंत्र पोचपावती घेणारी क्यू हे त्याचं मूळ काम नव्हे. तशी सोय द्यायला मार्च २०२५ च्या ४.० आवृत्तीत 'शेअर ग्रुप' आले, तेही अर्ली ॲक्सेस म्हणून.

दुपारी पोस्टग्रेस, आणि तो दिला काफ्कावाल्याच्याच हाती. रांगेतली मोकळी ओळ उचलायची, दुसऱ्याने लॉक केलेली सोडून पुढे जायचं, ही 'स्किप लॉक्ड'ची सोय ९.५ आवृत्तीपासून आहे. वर्करला मध्येच किल केलं. कनेक्शन तुटलं, ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्का होणारा बदलांचा गट) मागे फिरलं, ओळ मोकळी झाली, दुसऱ्या वर्करने उचलली. पोरगं जरा हिरमुसलं. त्याला पडझड हवी होती.

ती पुढे मिळाली. बाईंनी दुसऱ्या टर्मिनलवर एक छोटा अपडेट केला आणि कमिट न करता सोडून दिला. वर जॉबचा भडिमार. जॉब उचलायची क्वेरी हळूहळू रेंगाळायला लागली, कारण ते ट्रान्झॅक्शन उघडं असेपर्यंत व्हॅक्यूमला, म्हणजे पोस्टग्रेसच्या सफाईला, त्यानंतरच्या मेलेल्या ओळी (बदललेल्या ओळींच्या जुन्या प्रती) साफ करता येत नाहीत. क्यूच्या टेबलात त्या भराभर साचतात. पण इथे त्याने थेट चालू कनेक्शनची यादी दाखवणारं पीजी-स्टॅट-ॲक्टिव्हिटी उघडलं, 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' अशी एक ओळ आणि तिची सुरुवातीची वेळ बघितली, कनेक्शन तोडलं. ऑटोव्हॅक्यूम फिरल्यावर वेग परत आला.

मग तोच म्हणाला, "थांबा. आपला सात मिनिटांचा रिपोर्टही तेवढा वेळ ट्रान्झॅक्शन उघडं ठेवतो. म्हणजे आपणच हे रोज करणार." हा त्या दिवसातला सगळ्यात मोलाचा शोध. संध्याकाळपर्यंत रचना बदलली: ओळ उचलायची, 'अमुक वेळेपर्यंत माझी' असं लिहून लगेच कमिट करायचं, आणि काम चालू असेपर्यंत ती वेळ पुढे ढकलत राहायचं. पण मग अडकलेला वर्करही वेळ पुढे ढकलत राहिला तर? सकाळचाच प्रश्न दुपारी दारात उभा. काम चालू आहे की अडकलंय, हे काफ्काही सांगत नाही आणि पोस्टग्रेसही. शेवटी वेळ कशावर वाढवायची हे ठरलं: रिपोर्टचं प्रत्येक पान तयार झालं की. एक कॉलम आणि थोडासा कोड, जो टीममधला कुणीही वाचू शकतो.

पोस्टग्रेस ठरलं. निर्णयाची नोंद बाईंनी मुद्दाम काफ्कावाल्याकडूनच लिहून घेतली, आणि त्याने ती झकास लिहिली. 'हा निर्णय पुन्हा कधी उघडायचा' हा परिच्छेद त्याने स्वतःहून घातला: एकाहून जास्त टीमना त्याच घटना आपापल्या गतीने, पहिल्यापासून वाचायच्या असतील तेव्हा.

ॲनालिटिक्सच्या टीमने परवा नेमकं तेच मागितलंय. ऑप्सच्या बाईंनी मोडायचा दिवस कॅलेंडरवर टाकला आहे, आणि या वेळी काफ्काच्या दुरुस्तीला माझं नाव आहे.